मुंबईकडे तोंड केलेल्या अँटेना

रायगडच्या किनाऱ्याने दक्षिणेकडे निघालं की मुरुडच्या पुढे आगरदांड्याला रस्ता पाण्यात उतरतो. समोर राजपुरीची खाडी, खाडीच्या मुखाशी सिद्दींचा जंजिरा आणि पलीकडे दिघी. इथल्या लोकांच्या भाषेत जिला जंगलजेटी म्हणतात, त्या फेरीबोटीत गाडी चढवायची आणि पलीकडे उतरायचं. मग बोर्ली पंचतन, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर आणि बागमांडला. तिथे सावित्रीची खाडी आडवी येते. पुन्हा जंगलजेटी. पलीकडे वेश्वी, बाणकोट आणि रत्नागिरी जिल्हा सुरू.

या वाटेवर आमच्या कोकणी मुसलमान बिरादरीची गावं आणि मोहल्ले जागोजाग आहेत. नारळी-सुपारीच्या वाडीत दडलेली कौलारू घरं, त्यांना लागून आखाताच्या पैशांतून उठलेले दोन मजली बंगले, मधोमध मशीद आणि थोड्या अंतरावर कबरस्तान. डिसेंबरात आम्ही या रस्त्याने गेलो, तेव्हा आमची नजर सारखी छपरांकडे जात होती. त्याचं कारण असं, की या किनाऱ्यावरची छपरं वाचता येतात.

जुन्या कौलांवर कुठे कुठे अजून गंजलेल्या अँटेना उभ्या आहेत. ॲल्युमिनियमच्या आडव्या काड्यांपैकी दोन-तीन गळून पडलेल्या, एखादीवर कावळा बसलेला. बहुतेकांचं तोंड उत्तरेला आहे, म्हणजे मुंबईकडे. त्यांच्या शेजारी नव्या छत्र्या, अर्थात डिश. त्यांचं तोंड आग्नेयेला, वर आभाळात. घरात नमाजची चटई अंथरली जाते ती पश्चिमेला. एका घराच्या अशा तीन दिशा. त्यांतली किबल्याची दिशा कधी बदलायची नाही. उत्तरेकडची मात्र आता कायमची मिटली आहे. ती कशी मिटली आणि तिच्याबरोबर काय गेलं, ते या लेखात सांगायचं आहे.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. वरळीचा त्याचा मनोरा सुमारे ३०० मीटर उंच. दूरचित्रवाणीच्या या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की अडतात, क्षितिजाच्या पलीकडे गेलं की क्षीण होतात. एवढ्या उंच मनोऱ्याचं क्षितिज साठ-सत्तर किलोमीटरवर असतं. अलिबागला वरळी समोरच्या पाण्यापलीकडे, म्हणून तिथे चित्र स्वच्छ. मुरुडला क्षितिजाची कड. श्रीवर्धनच्या बाजूला तर ते क्षितिजाच्या खालीच. तरी लोकांनी हार मानली नाही. वीस-पंचवीस फुटांचा लोखंडी पाइप, वर मोठी अँटेना, तिला बूस्टर, एवढी तयारी करून ते मुंबई पकडायचे. ज्या दिवशी हवा मेहरबान त्या दिवशी चित्र, नाहीतर पडदाभर मुंग्या.

समुद्राची मेहरबानी ही नुसती बोलण्याची गोष्ट नाही. पावसाळ्याआधीच्या महिन्यांत अरबी समुद्रावर गरम आणि थंड हवेचे थर असे बसतात, की लहरी त्यांत नळीतून जाव्यात तशा कितीतरी दूर जातात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईजवळ बसवलेल्या रडारवर हजार मैलांहून दूर असलेल्या अरबस्तानच्या किनाऱ्याच्या खुणा उमटल्या होत्या. तंत्रज्ञानाच्या पुस्तकांत याची नोंद आहे. या किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना पुस्तकाची गरज नाही. मे महिन्याच्या एखाद्या रात्री पडद्यावर अनोळखी अरबी अक्षरं आली आणि घरातल्या बाईने, "आमचे हे तिथेच आहेत" म्हणून पडद्याला हात लावला, अशा आठवणी आम्हाला एकाहून जास्त घरांत ऐकायला मिळाल्या.

टीव्हीचे संचही समुद्रापलीकडूनच आले. कुवेत, दुबई, सौदीला गेलेला माणूस दोन वर्षांनी सुट्टीवर यायचा तेव्हा त्याच्याबरोबर घोंगडीत गुंडाळलेला जपानी रंगीत टीव्ही असायचा. १९८२ च्या आशियाई खेळांच्या वेळी देशात रंगीत प्रक्षेपण सुरू झालं आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत सरकारने देशभर लहान-मोठी प्रक्षेपण केंद्रं उभारली. कोकणासारख्या डोंगराळ मुलुखात तालुक्यांच्या गावी लघुशक्ती प्रक्षेपक आले. त्यांची मजल पंधरा-वीस किलोमीटरची. पण आता मुंबईची हवा मेहरबान होण्याची वाट बघावी लागत नव्हती. १९८५ साली रेडिओ-टीव्हीचा परवाना रद्द झाला. त्याआधी त्यासाठी दरवर्षी पोस्टात पैसे भरावे लागत. त्यानंतर मात्र एकदा संच आणि अँटेना घेतली की कोणाला काही द्यायचं नाही, कोणाला काही विचारायचं नाही.

आमच्या घरांत टीव्ही आला तो वाद न होता आला, असं म्हणणं खरं होणार नाही. काही घरांनी तो शेवटपर्यंत आत येऊ दिला नाही. काही घरांत फक्त बातम्यांची परवानगी होती. अजान झाली की आवाज बंद आणि पडद्यावर कापड. रमजानमध्ये महिनाभर टीव्ही झाकून ठेवणारी घरं तर आजही आहेत. या चर्चा आपल्या वाचकांना नव्या नाहीत. पण जिथे तो आला तिथे तो एका घराचा राहिला नाही, हेही तितकंच खरं. पडवीत पुरुष, माजघराच्या दारात बायका, पुढे जमिनीवर सगळ्या मोहल्ल्याची पोरं. शेजारच्या कुणबीवाड्यातली आणि कोळीवाड्यातली माणसंही ओटीवर येऊन बसायची. १९८७-८८ मध्ये 'रामायण' बघायला हिंदू शेजारी मुसलमानाच्या ओटीवर बसले होते आणि १९८८ च्या 'मिर्झा गालिब'साठी तेच लोक पुन्हा आले होते, हे आम्हाला बोर्लीच्या पुढच्या एका गावात एका बुजुर्गांनी सांगितलं. सांगताना त्यांना त्यात विशेष काही वाटत नव्हतं. विशेष वाटलं ते आम्हाला.

संध्याकाळी ७ च्या मराठी बातम्या हे त्या काळातलं घड्याळच होतं. मगरिबची नमाज आटोपून माणसं घरी यायची तेव्हा बातम्या सुरू होत असत किंवा नुकत्याच झालेल्या असत. रमजानच्या २९ व्या संध्याकाळी सगळ्यांचे कान दोन ठिकाणी. एक मशिदीकडे आणि दुसरा टीव्हीकडे, कुठे चाँद दिसल्याची बातमी येते का म्हणून. निर्णय हिलाल कमिटीचाच, पण तो कळायचा तो असा. 'आमची माती आमची माणसं'मध्ये आंब्यावरच्या तुडतुड्यांवर काय फवारायचं ते सांगत. वाडी असलेला माणूस ते कागदावर लिहून घेई. ईदच्या दिवशी कव्वाली किंवा मुशायरा असे. फार मोठं काही नव्हतं. पण जे होतं ते सगळ्यांना सारखं होतं. बंगल्यात जे चित्र, तेच पत्र्याच्या खोलीत.

हे सगळं एका दिवसात गेलं नाही, म्हणूनच ते गेल्याचं कोणाला कळलं नाही.

आधी केबल आली, तीही बहुतेक मोठ्या गावांतच. मग पैसे भरून घ्यायच्या खासगी छत्र्या आल्या. ज्यांना परवडलं त्यांनी त्या घेतल्या आणि छपरावरची अँटेना काढायचेही कष्ट घेतले नाहीत. बघणारे कमी झाले. दूरदर्शनचे प्रक्षेपक जुने ॲनालॉग तंत्राचे. त्यांचे सुटे भाग मिळेनासे झाले, वीज आणि माणसं यांचा खर्च मात्र चालू. प्रसार भारतीने एकेक प्रक्षेपक बंद करायला सुरुवात केली. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांनी जाहीर केलं की जवळजवळ ७० टक्के ॲनालॉग प्रक्षेपक आधीच बंद झाले आहेत. मोक्याच्या जागी असलेले सुमारे ५० सोडून बाकीचे ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद होतील. यातून वर्षाला सुमारे १०० कोटी रुपये वाचतील आणि लहरींची जागा ५ जी सारख्या नव्या सेवांसाठी मोकळी होईल, असंही सांगण्यात आलं.

ही कारणं खोटी नाहीत. चार घरं बघतात म्हणून डोंगरावरचं यंत्र किती वर्षं चालवायचं, हा प्रश्न हिशेबाचा आहे आणि हिशेब करणाऱ्यांनी तो केला. अँटेनावरच्या डिजिटल प्रक्षेपणाचा प्रयोगही झाला. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबई, औरंगाबादसह देशातल्या मोठ्या शहरांत ते सुरू झालं. पण खाडीपलीकडच्या या गावांपर्यंत ते आलं नाही. जुनं बंद झालं आणि त्याच्या जागी त्याच तारेवर नवं काही आलं नाही.

३१ मार्च २०२२ नंतर तिसऱ्याच दिवशी, ३ एप्रिलला, रमजानचा पहिला रोजा होता. चाँदची बातमी त्या वर्षी सगळ्यांना मोबाइलवर मिळाली. ज्यांच्याकडे मोबाइल आहे त्यांना. ज्यांच्याकडे नाही, त्यांना शेजाऱ्यांनी सांगितली. काही अडलं नाही. नाहीसं झालेल्या गोष्टीमुळे लगेच काही अडलं नाही, की ती गरजेची नव्हती असं समजायची आपल्याला सवय आहे.

श्रीवर्धन आणि म्हसळ्याच्या दरम्यान डोंगराच्या कुशीत एक गाव आहे. तिथे आमच्या नात्यातल्या एका खालांकडे आम्ही दोन दिवस राहिलो. गावाचं नाव देत नाही, कारण गोष्ट फक्त त्या गावाची नाही. खालांचं वय पंचाहत्तरच्या पुढे. शोहर जाऊन बारा वर्षं झाली. मुलगा कुवेतला, मुलगी मुंब्र्याला. घर मोठं, माणूस एक. माजघरात कपाटावर टीव्ही, त्याच्या खाली बॉक्स, छपरावर छत्री, आणि पडदा काळा.

"बंद पडलाय का?" आम्ही विचारलं.

"बंद कुठे? सगळा धड हाय," खाला म्हणाल्या. "पैसे भरलेले नाहीत, म्हणून काळा."

मग हळूहळू हकीकत कळली. छत्री मुलाने मागच्या सुट्टीत बसवून दिली होती. रिचार्ज तो तिकडून करायचा. कनेक्शन त्याच्या भारतातल्या जुन्या नंबरावर होतं आणि तो नंबर वापराअभावी बंद झाला. आता पैसे भरायचे तर नंबर बदलायला हवा, नंबर बदलायचा तर जुन्या नंबरावर येणारा आकडा सांगायला हवा. खालांनी दोनदा फोन करवला. दोन्ही वेळा पलीकडून यंत्र बोललं. मुलगा म्हणाला, सुट्टीवर आलो की बघतो. सुट्टी जूनमध्ये.

"पहिला काय होता," त्या म्हणाल्या, "कान पिळला की लागायचा. मुंग्या तर मुंग्या. कोणाला विचारावा लागत नव्हता."

आम्ही विचारलं, काय बघायला आवडायचं? वाटलं, एखादी मालिका सांगतील. त्या म्हणाल्या, "सात वाजलेत ते कळायचा."

वाचकहो, हे वाक्य आम्हाला पुढे बरेच दिवस सोडत नव्हतं. एकट्या राहणाऱ्या माणसाच्या घरात संध्याकाळी एक ओळखीचा आवाज येतो, तो आपल्या भाषेत बोलतो, मुंबईत काय झालं, दिल्लीत काय झालं, उद्या पाऊस आहे का ते सांगतो आणि जातो. त्या आवाजाला खालांचं नाव ठाऊक नव्हतं, नंबर ठाऊक नव्हता, त्यांनी पैसे भरले की नाही हेही ठाऊक नव्हतं. तरी तो रोज यायचा. आता जो आवाज येऊ शकतो त्याला आधी नंबर हवा.

आपल्या कोकणात अशी घरं किती आहेत, ते मोजायला लांब जायला नको. प्रत्येक मोहल्ल्यात चार-पाच सहज निघतील. तरुण माणूस आखातात, मुंबईत किंवा पुण्यात. गावात आईवडील, किंवा दोघांतलं एक. पैसे येतात, औषधं येतात, व्हिडिओ कॉलवर नातवंडं दिसतात. पण घरातली प्रत्येक सोय दूर बसलेल्या माणसाच्या हातातल्या फोनवर चालते. वीजबिल त्याच्याकडून, गॅस त्याच्याकडून, टीव्हीही त्याच्याकडून. त्याचा एक नंबर बंद झाला की इथे घरात अंधार. छपरावरच्या अँटेनाला फक्त वारा लागत असे, परवानगी लागत नसे.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर ही नुसती जुन्या दिवसांची रड होईल.

फुकट टीव्ही पूर्णपणे गेलेला नाही. दूरदर्शनची उपग्रहावरची मोफत सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. आज तिला डीडी फ्री डिश म्हणतात. छत्री आणि बॉक्स मिळून साधारण दीड-दोन हजारांचा एकदाच खर्च. त्यानंतर महिन्याला काही द्यायचं नाही. नंबर नाही, रिचार्ज नाही. देशात कोट्यवधी घरांत ती असल्याचा अंदाज आहे. सह्याद्री वाहिनी तिच्यावर आहे, बातम्या आहेत. डीडी उर्दूही आहे. ही वाहिनी १५ ऑगस्ट २००६ रोजी सुरू झाली, पण आमच्या अँटेनावर ती कधी दिसली नव्हती. म्हणजे जे गेलं त्यापेक्षा जास्त मिळू शकतं, आणि चित्रही स्वच्छ.

मग खालांच्या घरात पैसे भरायची छत्री का? कारण दुकानात तीच दाखवली गेली. फुकटच्या सेवेत दुकानदाराला दर महिन्याला काही मिळत नाही, म्हणून तो तिचं नाव आपणहून घेत नाही. गावात आम्ही दहा-बारा घरांत विचारलं. निम्म्यांना ही सेवा ठाऊकच नव्हती. दोघांनी नाव ऐकलं होतं, पण ती गरिबांची म्हणून त्यांना घ्यावीशी वाटली नाही. एका घरात होती, पण पावसाळ्यात छत्री हलली तेव्हापासून बंद.

छत्री हलणं ही इथली रोजची गोष्ट आहे. अँटेना थोडी वाकडी झाली तरी चित्र यायचं, फार तर अंधुक. छत्रीला दोन बोटांचा फरक चालत नाही. सुपारीचं झाड वाढून मध्ये आलं की चित्र गेलं. खाऱ्या वाऱ्याने तिचे नटबोल्ट दोन वर्षांत गंजतात. कोकणातला पाऊस जोरात कोसळायला लागला की उपग्रहाकडून येणाऱ्या लहरी पाण्यातच विरतात आणि पडदा गोठतो. नेमकं ज्या वेळी बातमी हवी असते, त्या वेळी.

ही शेवटची गोष्ट या किनाऱ्याने फार जवळून पाहिली आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या भागात जमिनीवर आलं. ईद होऊन नऊच दिवस झाले होते, तीही टाळेबंदीतली ईद. सुपारीच्या आणि नारळाच्या वाड्या भुईसपाट झाल्या. नव्याने लावलेल्या सुपारीला फळ धरायला सात-आठ वर्षं लागतात, म्हणजे त्या एका दुपारचं नुकसान अजून भरून निघतं आहे. कौलं उडाली, विजेचे खांब आडवे झाले, मोबाइलचे टॉवर बंद पडले. कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. अँटेना असती तरी विजेवाचून टीव्ही लागला नसता, हे उघड आहे. त्या दिवसांत उपयोगी पडले ते सेलवर चालणारे रेडिओ, ज्यांच्याकडे उरले होते त्यांच्याकडे. पण यातून एक गोष्ट समजते. संकटात शेवटी टिकतं ते साधं यंत्र. ज्याला कमी तारा, कमी परवानग्या आणि कमी मधले हात लागतात, ते.

त्याच वर्षी जुलैत शाळा बंद असताना राज्यातल्या पहिली ते आठवीच्या मुलांसाठी सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. कल्पना चांगली होती. ज्या घरात स्मार्टफोन नाही तिथेही टीव्ही असेल, हा तिच्यामागचा विचार. पण इथल्या पुष्कळ घरांत त्या वेळी छत्रीही उरली नव्हती आणि वीजही नव्हती. एका शिक्षिकेने आम्हाला सांगितलं, "आमच्या मुलांची शाळा तीन वेळा बंद झाली. एकदा कोरोनाने, एकदा वादळाने, आणि तिसऱ्यांदा टीव्ही लागत नव्हता म्हणून."

फुकट म्हणजे कायमचं फुकट, असंही नाही. फ्री डिशवर मोठ्या खासगी कंपन्यांच्या करमणुकीच्या वाहिन्या असत. मार्च २०१९ मध्ये त्यांतल्या प्रमुख चार कंपन्यांनी त्या काढून घेतल्या, जून २०२० मध्ये परत आणल्या आणि एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा काढल्या. ज्या बायका त्या मालिका बघत होत्या त्यांना कोणी विचारलं नाही. एका सकाळी त्या नव्हत्या, इतकंच. त्यात व्यापाऱ्याचा नफा-तोटा होता आणि व्यापाऱ्याने तो बघितला. म्हणूनच जे सार्वजनिक आहे ते सार्वजनिक राहणं महत्त्वाचं.

या ठिकाणी एका निकालाची आठवण करून द्यायला हवी. १९९३ च्या एका क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि केंद्र सरकार यांच्यात वाद झाला. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. फेब्रुवारी १९९५ मध्ये न्यायालयाने सांगितलं की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. ती सरकारची मक्तेदारी नाही आणि पैसेवाल्यांचीही नाही. तिचा वापर लोकांच्या हितासाठी झाला पाहिजे. पुढे २३ नोव्हेंबर १९९७ रोजी प्रसार भारती ही स्वायत्त संस्था अस्तित्वात आली. म्हणजे खालांच्या छपरावरून जी लहर जात होती, तिच्यात खालांचाही हिस्सा होता. तो हिस्सा काढून घेतला असं कोणी म्हणणार नाही. ती लहर दुसऱ्या कामासाठी मोकळी केली गेली. पण मालकाला एक शब्द विचारायचा असतो, निदान कळवायचं असतं. या गावांत आम्हाला असा एकही माणूस भेटला नाही, ज्याला कोणी येऊन सांगितलं होतं की अमुक तारखेपासून अँटेनावर चित्र येणार नाही, त्याऐवजी तुम्ही असं करा. लोकांना वाटलं, आपलाच टीव्ही बिघडला. कित्येकांनी चांगला चाललेला संच भंगारात दिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही गावातल्या एका वायरमन मुलाला बोलावलं. वय बावीस-तेवीस, मोहल्ल्यातलाच. त्याने छत्री पाहिली आणि म्हणाला, "नवीन छत्री कशाला? हीच चालेल. फक्त तोंड फिरवायचं आणि बॉक्स बदलायचा." श्रीवर्धनच्या बाजारातून त्याने फ्री डिशचा बॉक्स आणला. नटबोल्टला तेल दिलं, छत्री थोडी फिरवली, आडवी आलेली सुपारीची झावळी तोडली. खाली माजघरात खाला, वर छपरावर तो, मध्ये अंगणात आम्ही. "आला का?" "नाही." "आता?" "मुंग्या पण नाहीत रे बाबा." "आता?" मग एकदम चित्र. अर्धा तास लागला. मजुरी त्याने घेतली नाही. "दादींची दुआ मिळाली, बस," म्हणाला.

संध्याकाळी ७ ला सह्याद्रीवर बातम्या लागल्या. खालांनी दुपट्टा सारखा केला, जणू घरात पाहुणा आला. बातम्या संपल्यावर त्यांनी रिमोट आमच्या हातात दिला आणि विचारलं, "हा कुठला दाबायचा, ते मला लिहून द्या. मोठ्या अक्षरात." आम्ही वहीच्या पानावर लिहून दिलं: कुठलं बटण, कुठला क्रमांक, आणि खाली त्या वायरमनचा नंबर. पान त्यांनी कपाटाच्या दाराला चिकटवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या दोन घरांतून त्या मुलाला बोलावणं आलं. तिसऱ्या घरातल्या आपा म्हणाल्या, आमच्याकडेही तसंच काळं आहे, आम्हाला वाटलं टीव्ही गेला.

जुनी अँटेना परत येणार नाही. ते यंत्र गेलं आणि त्याच्यासाठी भांडून उपयोग नाही. पण तिने जे दिलं होतं ते परत मिळवणं बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे. गावी जाल तेव्हा आईच्या, खालांच्या, फुफींच्या घरातला पडदा लावून बघा. कनेक्शन कोणाच्या नंबरावर आहे ते विचारा. फुकटची छत्री घेण्यात कमीपणा नाही, ती आपल्याच पैशांची आहे. आपल्या जमातींकडे मय्यतीचं सामान असतं, लग्नाची भांडी असतात, वैद्यकीय मदतीचा निधी असतो. त्यात एक शिडी, एक पाना आणि छत्री बसवता येणारा एक तरुण एवढी भर घालायला फार पैसे लागणार नाहीत. पावसाळ्याआधी त्याने एकट्या राहणाऱ्यांच्या घरांवरून एक फेरी मारावी. जाताना प्रत्येक घरात सेलवर चालणारा एक रेडिओ आहे का, तेही बघावं. समुद्र जवळ आहे आणि वादळं येतच असतात.

सरकारने लोकांना विचारलं नाही, ही तक्रार रास्त आहे आणि ती करत राहिली पाहिजे. पण आपण आपल्या बुजुर्गांना शेवटचं कधी विचारलं होतं, की संध्याकाळी तुमच्या घरात कोणाचा आवाज येतो? शेजाऱ्याचा हक्क हा आपल्या दीनमध्ये लहान विषय नाही. कधी कधी तो हक्क छपरावर चढून, दोन नटबोल्ट घट्ट करूनही अदा होतो.